बर्फावरचं साल

बेला, जि. आदिलाबाद
१७ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षदीप यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझा आइस हॉकीचा सामना पाहण्याचा योग काल आला. शुभांगीने मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला आणि तुझी आई, मी आणि शेजारचे डोमाजी असे तिघं प्रेक्षक मांडी घालून बसलो. खेळ एकंदरीत छान आहे. ती काळी चकती दिसत नाही, गोल झालेला कळत नाही, आणि सगळ्यांची तोंडं झाकलेली असल्यामुळे आपला मुलगा कोणता हे तो मारामारी करेपर्यंत ओळखता येत नाही. तू मात्र आम्हाला फार वेळ तिष्ठत ठेवलं नाहीस. हातमोजे बर्फावर फेकलेस, समोरच्याची मानगूट धरलीस, आणि तुझ्या आईने लगेच ओळखलं.

मग पंचांनी तुला त्या काचेच्या खोलीत शिक्षा म्हणून नेऊन बसवलं. मी सगळी नोकरी दंगेखोर पोरांना वर्गाबाहेर उभं करण्यात घालवली. त्याचा पुढे व्यवसाय होतो आणि परदेशात त्याला पगार मिळतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नाहीतर आणखी मन लावून उभं केलं असतं.

डोमाजींनी विचारलं की पोरगं यंदा कोणाकडून खेळतं. मी यादी सांगितली. दुबई झाली, तुर्कस्तान झालं, सर्बिया, बल्गेरिया, रुमानिया झालं, यंदा स्लोव्हाकिया. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले की मग हा सालगडीच झाला, दर साली नवा मालक.  तुझे आजोबा पाटलांकडे सालाने राहिले. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बैल पाटलांचे, शेत पाटलांचं आणि माणूसही पाटलांचाच. आपल्या घरातून पुन्हा कोणी सालाने जाऊ नये म्हणून मी शिकलो, मास्तर झालो. तू लडाखमधली सरकारी वर्दी स्वतःच्या हाताने अर्ज लिहून उतरवलीस आणि सालाने राहिलास. मधे एका पिढीची विश्रांती झाली म्हणायची.

असो. आता राहिलाच आहेस तर एवढं ध्यानात ठेव, की आजोबांनी जन्मात एकही साल अर्धवट सोडलं नाही. ताप असो, मालक तोंडाळ असो, पाडव्याआधी ते घरी आले नाहीत. ते तुला लहानपणापासून सांगत आलो आहे, पुन्हा सांगतो.

आई सांगते, कान झाकून ठेव. लोभ आहे, तो दिसला नाही तरी आहे असं धरून चालावं.

तुझा बाप,
मोतीराम


२६ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

आपलं पत्र शुभांगीताईने फोटो काढून पाठवलं, मिळालं. फोनवर आपण दोघं 'जेवलास का' आणि 'बरं, ठेवतो' यांच्या पलीकडे जात नाही. कागद समोर आला की मात्र आपल्या लेखणीला अशी धार चढते, की इथले बुटांची पाती घासणारेही चकित होतील. म्हणून मीही कागदच धरला आहे.

आपण पाहिलीत ती मारामारी नव्हती, कर्तव्य होतं. आमच्याकडे गोल करणारा एकच शहाणा माणूस आहे. त्याला कोणी आडवा आला, की त्याची विचारपूस करायला मला पाठवतात. मी स्वतः गोल करावा अशी इथे कोणाचीही अपेक्षा नाही, आणि ती मी आजवर कधी मोडलेली नाही. आठ वर्षांत सहा संघ झाले, प्रत्येक ठिकाणी लोक मला माझ्या खांद्यावरून ओळखतात. लडाखला गोठलेल्या तळ्यावर आमच्या सीमा दलातली पोरं खेळायची, तेव्हा मी सगळ्यात जास्त पडायचो आणि सगळ्यात लवकर उठायचो. एका परदेशी पाहुण्याला तेवढंच आवडलं आणि त्याने दुबईला बोलावलं. आजही माझ्याकडे एवढंच आहे.

गाव बरं आहे. पाव आणि बटाटे यांची चंगळ आहे. जोंधळ्याची भाकर काय असते हे मी संघाच्या बसमधल्या सोबत्यांना इतक्या वेळा सांगितलं आहे की ते आता झोपेचं सोंग घेतात.

सालाचं म्हणाल तर काळजी नसावी. हंगाम मार्चअखेर संपतो, यंदा पाडवाही नेमका तेव्हाच आहे. आजोबांचं नाव राखीन. डोमाजीकाकांना सांगा, की सालगड्याला इथे जोडेही मिळतात, फक्त त्यांना खाली सुऱ्या लावलेल्या असतात.

आईला नमस्कार. आपली माया अशीच टोचत राहो.

आपला,
हर्षदीप


बेला
९ डिसेंबर २०२४

चि. हर्षदीप यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन बातम्या आहेत. पहिली हसायची. डोमाजींनी बसस्टँडवर तुझ्या अभिनंदनाचं फ्लेक्स लावलं. वर डोमाजींचा फोटो मोठा, खाली पुढाऱ्यांचे मध्यम, कोपऱ्यात तुझा. तो तुझा नाहीच. कोणा सोनेरी मिशीवाल्याचा आहे, त्यांच्या पोराने मोबाइलवर शोधून काढला. हेल्मेट असल्यामुळे गावाला काही फरक पडला नाही. मला मात्र रोज कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून जाताना त्या मिशीवाल्याचा बाप म्हणून नमस्कार घ्यावे लागतात. मीही घेतो. नाही म्हणायला बराच वेळ लागतो.

दुसरी सांगायला जड जाते. आपले बाबाराव सर गेले. गुडघ्याचं दुखणं होतंच, शेवटी हृदयाने दगा दिला. तुला शाळेत धावायला त्यांनीच लावलं. दलात भरती व्हायच्या वेळी आदिलाबादला स्वतः मोटारसायकलवर मागे बसवून नेलं होतं. वंदना झाली, सगळं गाव होतं. तुझ्या नावाने मी फुलं वाहिली.

सोबत बसायला कट्ट्यावर आता कोणी उरलं नाही. तब्येतीची काळजी घे, म्हणजे मला माझी घेता येईल.

तुझा बाप,
मोतीराम


२० डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

सरांचं वाचून हात थांबला. त्यांनी मला पहिल्यांदा 'धाव' म्हटलं तेव्हा मी अनवाणी होतो आणि त्यांनी स्वतःची चप्पल काढून माझ्यासोबत अनवाणी फेरी मारली होती. सामन्याला उतरताना मी मनात त्यांना जयभीम घातला. आपण फुलं वाहिलीत, बरं केलंत.

बाकी ठीक. परवा काचेच्या भिंतीवर जरा जोरात आदळलो. काच शाबूत आहे. आमच्या संघाचे डॉक्टर मुळात दातांचे डॉक्टर आहेत, कारण या खेळात काम त्यांचंच जास्त निघतं. त्यांनी बोटं दाखवून किती म्हणून विचारलं, मी सांगितलं, आणि ते खूश झाले. डोकं थोडं जड आहे, पण आपण नेहमी ते हलकं आहे म्हणायचा, तेव्हा ही सुधारणाच समजावी.

मिशीवाल्या बंधूंना माझा नमस्कार सांगावा. आपला हात पाठीवर आहे असं समजून चालतो.

आपला,
हर्षदीप


१९ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

नवीन वर्ष सुरू झालं, पत्राला उशीर झाला, माफी असावी. इथे बर्फ आत आणि बाहेर दोन्हीकडे आहे, त्यामुळे मैदान संपलं कुठे ते कळत नाही. सामने बरे चालले आहेत. पुन्हा दोनदा आदळलो, पण आपल्या दातांच्या डॉक्टरांची बोटं अजून तेवढीच आहेत.

बाबाराव सरांचा गुडघा आता कसा आहे? त्यांना सांगा की उन्हाळ्यात आलो की मीच त्यांना आदिलाबादला दवाखान्यात नेतो, मोटारसायकलवर मागे बसवून, पूर्वीचं उलट. त्यांना फार हसू येईल.

आईला नमस्कार. कृपा असू द्यावी.

आपला,
हर्षदीप


आदिलाबाद
२३ जानेवारी २०२५

प्रिय हर्षू,
जयभीम.

मी तुझी मोठी बहीण, मंडल कार्यालयात कारकून आहे. दिवसभर लोकांचे अर्ज वाचून त्यांनी काय लिहिलं नाही ते ओळखणं हेच माझं काम. तेव्हा माझ्यापुढे हुशारी नको.

तुझं पत्र बाबांनी वाचलं. आधी हसले, म्हणाले की लेकाची थट्टा आता स्वर्गापर्यंत पोचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग डिसेंबरचं तुझं पत्र मागितलं, दोन्ही कागद मांडीवर ठेवले आणि बोलायचे थांबले. तुला ठाऊक आहे, बाबांची जीभ बंद पडली म्हणजे घरात काहीतरी गंभीर आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

सर गेल्याचं वाचून तू पत्र लिहिलंस, फोनवर रडलास, आणि महिन्याभराने त्यांचा गुडघा विचारतोस. खेळाडू महाशय, याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? आमच्या भाषेत याला भीती म्हणतात. खऱ्या डॉक्टरकडे गेलास का? दातांचा नको. नीट लिही, विनोद न करता. विनोद बाबांकडे भरपूर आहेत, आपल्याला कमी पडत नाहीत.

तुझी ताई,
शुभांगी


२ फेब्रुवारी २०२५

ताईस,
जयभीम.

विनोद न करता लिहायला बसलो तर कागद अर्धा राहतो, पण लिहितो.

गेलो होतो. आमच्या गोल करणाऱ्यानेच स्वतःच्या गाडीतून मोठ्या शहरात नेलं. तिथल्या डोक्याच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि अजिबात हसत नाहीत. त्यांचं म्हणणं, माझ्या डोक्याला या हंगामात तीनदा मार बसला आहे आणि आतलं अजून भरून आलेलं नाही. अशात आणखी एक बसला तर मी लिहू-वाचू शकेन की नाही, चालू शकेन की नाही, याची खात्री त्या देत नाहीत. मी विचारलं, खेळणं कधी सुरू करू. त्यांनी फाइल बंद केली.

सर गेल्याचं मला तुझं पत्र वाचून पुन्हा कळलं. ताई, मी दुसऱ्यांदा रडलो. आणि पहिल्यांदा रडलो होतो ते आठवलं नाही. एकदा मैदानावरून खोलीवर येताना गल्ली सापडली नाही, बेकरीच्या बाईने हात धरून आणून सोडलं. हे बाबांना सांगू नकोस.

कोचना सांगितलं. ते म्हणाले, हंगाम संपायला थोडेच सामने उरलेत, दमाने खेळ. मधेच गेलास तर ही बातमी सगळीकडे जाईल, आणि तेहतिशीतल्या माणसाला असा डाग लागला की पुढचं साल कोणी देत नाही. खरं आहे ते. हे लोक एकमेकांना फोन करतात.

पण मी थांबतो आहे ते त्यासाठी नाही. बाबा बोलले तरी टोमणे, नाही बोलले तरी टोमणे, पण एकच गोष्ट ते छाती फुगवून सांगतात. आजोबांनी साल मोडलं नाही. मी नोकरी सोडली तेव्हा त्यांचं तोंड उतरलं होतं ते मी पाहिलं आहे. आता हेही मोडलं तर त्यांच्याकडे माझ्याबद्दल सांगायला काय उरेल? मिशीवाला? मार्चअखेरपर्यंत काढतो. मग घरीच आहे.

तुझा,
हर्षू


बेला
९ फेब्रुवारी २०२५

हर्षू, हे पत्र आईचं आहे. ती बोलते आहे, मी जसंच्या तसं लिहिते आहे. मी तुझं पत्र घरात सगळ्यांसमोर वाचलं. सांगू नकोस म्हणालास, म्हणून जाणूनबुजून वाचलं. बाबा इथेच बसले आहेत. — शुभांगी

हर्षू बापू, जयभीम. मले पत्र लिवता येत नाई म्हून या घरात मले कोनी काई सांगत नाई. आज समदं आयकलं.

तू आजोबाचं नाव घेऊन तिकडं डोक्सं फोडून घेऊन राह्यला. तुह्या बाबानं तुले अर्धीच गोष्ट सांगतली, काऊन का त्याहिले तेवढीच ठाऊक हाये. पुरी मले सासूबाईनं सांगतली होती, मी नवी नवरी होती तवा. ज्या साली पाटलाच्या बैलानं आजोबाले शिंग मारलं, त्या साली त्याहिच्या बरगड्या मोडल्या होत्या. श्वास घेतला का डोयात पानी ये. सासूबाईनं म्हटलं, घरी या, साल गेलं चुलीत. तवा पाटलानं निरोप धाडला. गड्याले होत नशीन तर बदलीले त्याचं पोरगं धाडा, ते पाडव्यापर्यंत बैल पाहीन.

बापू, ते पोरगं म्हंजे तुहा बाबा. सातवीत होता. त्या साली बोर्डाची परीक्षा होती. तो एकडाव बैलामांगं गेला असता तं पुन्हा शायेत आला असता का? म्हून आजोबा उठले. छातीले लुगड्याची पट्टी गच्च बांधली अन् वावरात गेले. पाडव्यालोक गेले. साल पुरं केलं म्हनते लोक. केलं. पन मानूस पुरा नाई आला घरी. मंग जन्मभर त्या कुशीवर निजले नाई.

त्याहिनं इज्जतीसाठी नाई केलं. पोरगं सोडवाले केलं. आता तू सांग, तू नाई गेला तं तुह्या बदलीले कोन जाते? तुले लेकरू हाये का? मी जाऊ का बर्फावर? कोनाले सोडवून राह्यला तू?

घरी ये. भाकर गरम हाये. मले एवढंच सांगाचं होतं.

तुही आई, ताराबाई

(बाबा उठून बाहेर गेले आहेत. मी हाक मारली नाही. — शु.)


बेला
११ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षदीप यास,
आशीर्वाद.

सातवीच्या परीक्षेला आजोबा मला सोडायला आले नाहीत म्हणून मी त्यांच्याशी काही दिवस बोललो नव्हतो. तेव्हा ते कुठे होते, कसे होते, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी तुझ्या आईकडून कळलं.

आज टोमणा सुचत नाही. त्यांनी मला सोडवलं, आणि मी त्याच सालाची गोष्ट सांगून तुला बांधून घातलं. ती गोष्ट आता विसर. बाकी काही विसरू नकोस.

साल मोड. बाप सांगतो आहे.

मोतीराम


२३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा व आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

मोडलं.

सामन्याच्या दिवशी इतर लोक बूट बांधत होते तेव्हा मी कोचकडे गेलो आणि सांगितलं की मी उतरणार नाही, आज नाही, पुढे नाही. त्यांनी करारातलं कलम दाखवलं, मी डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला. त्यांनी विचारलं की असं अचानक कोणी सांगितलं. मी म्हणालो, आईने.  मग म्हणाले की माझं नाव ते सगळ्यांना कळवतील. मी म्हणालो, नक्की कळवा, माझ्या गावात तरी आजवर कोणी माझा खरा फोटो लावलेला नाही.

एवढं बोललो आणि बाहेर येऊन भिंतीला टेकलो.  आठ वर्षं मी एकच काम शिकलो, पडायचं आणि उठायचं. आत सामना सुरू झाल्याचा भोंगा झाला आणि माझे हात आपोआप हातमोजे शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी आमचा गोल करणारा खोलीवर आला. त्याने माझ्या हाताला हात लावून कपाळाला लावला. हे त्याला कोणी शिकवलं ठाऊक नाही. बहुतेक बसमध्ये मीच सांगितलं असेल.

डॉक्टरीणबाई म्हणतात, विश्रांती घेतली तर पुष्कळसं परत येईल, सगळं येईल असं सांगत नाहीत. पुढच्या आठवड्यात निघतो. हैदराबादहून आदिलाबादची गाडी धरीन. ताईने न्यायला यावं, मला अजून एकट्याने रस्त्याचा भरवसा नाही. इथे आता कोणी मला घेणार नाही. घरी काय करणार, विचारू नका.

आपल्या पायाशी,
हर्षदीप


बेला
२६ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षदीप यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. घरात तुझ्या बेकारीचा आनंद साजरा झाला. मी पेढे आणले. डोमाजींनी विचारलं की पोराने कप जिंकला का. मी म्हणालो, नाही, काम सोडून पळून येतो आहे. त्यांनी हातातला पेढा संपवला आणि दुसराही मागून घेतला.

घरी काय करणार हे विचारणार नाही, कारण मला निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मी घरी काय करतो हे तुझ्या आईला अजून कळलेलं नाही. आपण दोघं मिळून काही करू नये. तू बाबाराव सरांसारखं शाळेच्या पोरांना धावायला लावावंस असं डोमाजी म्हणत होते, त्यावर तू आधी नीट चालायला लागलास की बोलू. शुभांगीने रजा टाकली आहे, ती हैदराबादपर्यंत येते.

काल एक वेडेपणा केला, तो लिहून ठेवतो. सालगडी मधेच साल टाकून घरी आला, की संध्याकाळपर्यंत मालकाची माणसं दारात यायची आणि सगळ्या आळीसमोर त्याला उठवून न्यायची. लहानपणी मी शेजारच्या घरी ते पाहिलं आहे. तर काल तुझं पत्र वाचून झाल्यावर मी दारात खुर्ची टाकली आणि काठी घेऊन बसलो. तुझ्या आईने विचारलं की कोणाची वाट पाहता.  दिवेलागण झाली, कापसाची शेवटची गाडी गेली, आई दोनदा जेवायला बोलावून गेली.

कोणी आलं नाही रे हर्षू. तू ये.

तुझा बाप,
मोतीराम